इंगळेबाईंची रिकामी खोली

बाई, मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, माणूस गेल्यावर सगळे गोड बोलतात तशी ही खुलताबादची भांडेवालीही बोलायला लागली. तुमच्या घरात राहून गेलेल्या मुली मिळून तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढतायत. प्रतीक्षा म्हणाली, "आई, तू पण लिही. बाईंशी सगळ्यात जास्त भांडलेली तूच आहेस." ते खरं आहे. म्हणून आज दुकानाला सुट्टी असताना अर्धं शटर वर करून, गल्ल्यावर बसून लिहितेय.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. मागच्या रांगेत, चपलांच्या जवळ बसले होते. वंदना झाली, मग मुली एकेक करून उठून बोलल्या. प्रतीक्षा उठली आणि म्हणाली, "मला माझी पहिली खोली बाईंनी दिली." एवढंच बोलली आणि तिला रडू आलं. तिचं बघून बाकीच्याही रडल्या. मी मात्र तिथं बसून मनात म्हणत होते, आणि भाडं कोण भरत होतं? ती खोली लावायला टेम्पो भरून सामान कुणी आणलं होतं, जे तुम्ही फाटकातून आत येऊ दिलं नाहीत?

त्या टेम्पोची गोष्ट तुम्ही तुमच्या बाजूनं शंभर जणांना सांगितली आहे, मला माहीत आहे. आता माझ्या बाजूनं ऐका. आणि मध्येच बोलायची तुमची सवय यावेळी चालणार नाही.

प्रतीक्षाचे वडील गेले तेव्हा ती चौथीत होती. मी दहावी शिकलेली. घाटातल्या वळणावर टोपली घेऊन बसले आणि गाड्या थांबवून सीताफळं विकली. मुंबई-पुण्याची माणसं काच खाली करून भाव विचारायची, आणि काच वर जायच्या आत सौदा करायचा असायचा. तिथं मी शिकले. पुढं भांड्यांचं दुकान टाकलं, ते आज आहे. कुणाचा रुपया घेतला नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, हे मला कुणी सांगायला नको. पण डोकं तापवल्याशिवाय कुणी भाव कमी करत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रतीक्षाचा बी. फार्मसीला नंबर लागला आणि तिला शहरात, गारखेड्यात, तुमच्याकडं वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खोली बघायला ती मैत्रिणीबरोबर येऊन गेली होती. मी खोली पाहिलेली नव्हती, पण तिला काय काय लागेल हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. आरशाचं दोन दारांचं लोखंडी कपाट. खाली पेटी असलेला दिवाण. दोन गाद्या. टेबल-फॅन, मिक्सर, कुकर. माझ्याच दुकानातला सहा माणसांचा ताट-वाट्यांचा सेट, डबे, आणि हो, पितळी कळशीसुद्धा. कळशीवरून तुम्ही मला पुढं चार वर्षं चिडवलंत.

कपाट आणि दिवाण मी शहरातल्या एका फर्निचरच्या दुकानातून घेतले. दुकानदार म्हणाला, "एकेका नगाला भाव कमी होत नाही, ताई."

"एकेक कोण म्हणतंय? पोरीचं लगन हाय," मी म्हणाले. "कपाट, दिवाण, गाद्या, सगळंच घ्यायचंय. पण तुमचं द्यायचं मन दिसत नाय." आणि पिशवी उचलली.

"अहो बसा, बसा! लग्नाचं आहे हे आधी नाही का सांगायचं?"

भाव उतरला. चांगलाच उतरला. पण तो दुकानदार निघाला हौशी. टेम्पोत माल चढवायच्या आधी त्यानं कपाटाच्या दोन्ही दारांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, दिवाणाला ओढली, आणि आरशावर 'शुभ विवाह' लिहिलेला लाल-सोनेरी कागद चिकटवला. वर म्हणाला, "ताई, ही आमच्याकडून भेट." त्याच्या समोर मी तो कागद कसा काढणार? सामान आधी घाट चढून वर खुलताबादला आलं, त्यात भांडी चढली, आणि रविवारी सकाळी मी आणि प्रतीक्षा टेम्पोत बसून तुमच्या दारात आलो. कागद काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

तुम्ही फाटकाशी झाडांना पाणी घालत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई कशा असतील, तशाच दिसलात. तुम्ही नळी खाली ठेवली, टेम्पोला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. कपाटावरच्या हळदीवर बोट टेकवलं आणि त्या बोटाकडं बघत मला विचारलंत, "मुलगी शिकायला आलीय की नांदायला?"

मी हसून सांगितलं की भाव कमी करायला तसं म्हणावं लागलं.

"म्हणजे खोटं बोललात."

"धंद्यात त्याला खोटं म्हणत नाय, बाई."

"मग लग्न ठरलेलं नाही?"

"नाय."

"ठरवायचं पण नाही?"

तिथं मी अडकले. प्रतीक्षा खांद्यावर बॅग अडकवून टेम्पोच्या चाकाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "आता लगेच नाय."

"लगेच नाही म्हणजे?"

"म्हणजे काय... लोखंड हाय, वाया थोडंच जातंय? आज इथं, उद्या तिथं."

बाई, तुम्ही गणिताच्या बाई. चार प्रश्नांत उत्तर काढलंत. खरं होतं ते. फर्दापूरच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, आधीच सांगून ठेवलं होतं: पोरगी एक-दोन वर्षं शिकू दे, चांगलं स्थळ आलं की उरकून टाकू, उरलेलं सासरी शिकेल. मी मान हलवली होती. म्हणून सामान असं घेतलं की खोलीलाही होईल आणि आंदणालाही. माझ्या हिशेबानं एका फेरीत दोन कामं. हे मी प्रतीक्षाला सांगितलं नव्हतं. ती माझ्यावर खूश होती, सकाळपासून टेम्पोत गाणी म्हणत होती. तुम्ही ते तिच्यासमोर, भर रस्त्यात, बाहेर काढलंत. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

त्यावर तुमचा तो नियम. "माझ्याकडं पहिला महिना खोली रिकामी असते. चटई, बादली आणि बल्ब. मुलीनं आधी राहून बघायचं. मग काय लागतं ते तिनं ठरवायचं आणि तिनंच जाऊन आणायचं."

"अन् झोपायचं कशावर?"

"चटईवर."

"तिची कंबर दुखंल!"

"अठराव्या वर्षी माणसाला कंबर नसते."

मी आवाज चढवला. शेजारचे गच्चीवर आले. मी म्हणाले, "भाडं भरणार मी, सामान माझं, पोरगी माझी, तुम्ही कोण?" तुम्ही म्हणालात, "खोली माझी." टेम्पोवाले रफिकभाई बिडी विझवून खाली उतरले. "बाई, उतारना के लेके जाना, एक बोलो. मेरेकू दुपारकू दूसरा भाडा है." तासभर आपलं चाललं होतं. घासाघीस करत नाही म्हणून तुमचा मोठा लौकिक, पण त्या दिवशी तुम्ही माझ्याशी केलीत. मी कपाटावरून दिवाणावर आले, दिवाणावरून गाद्यांवर. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, गादी ठेवा. एक. दुसरी कुणासाठी?"

दुसरी कुणासाठी! पोरीसमोर! मी एक गादी आणि कुकर वर खोलीत नेऊन टाकला आणि टेम्पोत बसून परत निघाले.

पुढचं तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. हळदकुंकू लावलेलं कपाट सकाळी गावातून खाली गेलेलं लोकांनी पाहिलं होतं. दुपारी तेच कपाट परत वर आलेलंही पाहिलं. मी सामान उतरवून घेत असताना समोरची किराणावाली आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "जाऊ द्या वैनी. पोरगी लहान हाय, दुसरं जमंल." दोन दिवसांत गावभर झालं की प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं आणि दारातून मोडलं. महिनाभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत होते की लग्नच नव्हतं. कुणी विश्वास ठेवला नाही. कपाट दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं. आज त्यात कुकरच्या शिट्ट्या, रबरं आणि झाकणाच्या मुठी असतात. कामाचं आहे.

महिना कसाबसा काढला, मग मला राहवलं नाही. डबा घेऊन आले. जिना चढून गेले तर दार आतून बंद. भर दुपारी. माझ्या घरात आतून कडी कधी कुणी लावली नाही. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मध्ये पडदा. प्रतीक्षा दहावी-बारावी त्या पडद्यामागं शिकली. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "दोन मिनिटं, आई. एक गणित राहिलंय."

मी पायरीवर बसले. तुम्ही खालून चहा घेऊन आलात.

"ह्या दाराला कडी कधी आली? तवा तर नव्हती," मी विचारलं.

"ती पहिली वस्तू आणली तिनं. यादीत वर तेच लिहिलं होतं, आतून कडी. स्वतः जाऊन आणली, स्वतः स्क्रू पिळले. वाकडी बसलीय, पण लागते."

"गादी नाय, टेबल नाय, कडी? कुणापासून कडी? माझ्यापासून?"

"दुकानापासून असेल," तुम्ही म्हणालात.

"मला बाहेर उभं केलं तिनं, बाई."

"दोन मिनिटं. तुम्ही गिऱ्हाइकाला किती वेळ उभं करता?"

मला तुमचा इतका राग आला की चहा अर्धा ठेवला. आणि बाई, दार उघडल्यावर मी आत पाहिलं ते हे. कोपऱ्यात चटईवर गादी. खिडकीत दोरीवर कपडे. भिंतीजवळ पुस्तकं, सरळ रांगेत. बाकी सगळी फरशी मोकळी. मधोमध बसून पोरीनं सगळे कागद अंगाभोवती पसरले होते. घरी तिला कागद पसरायला जागाच नव्हती कधी. मागच्या दोन्ही खोल्यांत तर खोकी होती. डबा ठेवला आणि "ही फरशी पुसत जा" म्हणून आले.

तेवढं मी तुमच्या बाजूनं मान्य करते. आता माझं ऐका.

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्याबरोबर दोन साड्या आणि एक ट्रंक होती. सासूबाईंनी सात वर्षं मला ऐकवलं. पाहुणे आले की म्हणायच्या, "आमच्या सुनबाईचे कपडे दोरीवरच असतात, कपाट यायचंय अजून माहेरून." सगळे हसायचे, मीसुद्धा हसायचे. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की मला मुलगी झाली तर तिच्या आधी तिचं कपाट जाईल. हे मी तुम्हाला त्या फाटकाशी सांगायला हवं होतं. पण रागात असलं की माणूस आपली खरी बाजू सोडून भलतीच बाजू मांडतो. तुम्ही म्हणालात "नांदायला", आणि मी म्हणाले "लोखंड हाय".

आणि रिकाम्या खोलीचं कौतुक तुम्हाला सुचतं, बाई, कारण खाली तुमच्या चार खोल्या भरलेल्या होत्या. हे मी तुमच्या तोंडावर म्हणाले होते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला तुमची गोष्ट सांगितलीत. तुम्ही शिकायला शहरात आलात तेव्हा तुमच्या वडलांनी, मजुरी करणाऱ्या माणसानं, तुमची पेटी काठोकाठ भरून दिली होती. साबण, तेल, लाडू, नवी चादर, दोन वह्यांच्या जागी दहा. घरात त्यातलं काहीच नव्हतं, सगळं कुठून कुठून आणलेलं. तुम्ही म्हणालात, "त्या पेटीकडं बघितलं की मला वाचायला सुचायचं नाही. एकेक वस्तू म्हणायची, नापास होऊ नको. मी वर्षभर ती पेटी खाटेखाली, भिंतीकडं तोंड करून ठेवली."

मी विचारलं, "मग नापास झालात का?"

"नाही."

"पहिल्या आलात?"

"दुसरी."

"मग पेटीनंच पास केलं की तुम्हाला!"

तुम्ही उठून झाडांना पाणी घालायला निघालात. मग म्हणालात, "पुढच्या रविवारी सांगते." पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला, पुढची किती वर्षं गेली. दर वेळी मी विचारायचे आणि दर वेळी तुम्ही काहीतरी काम काढायचात. या वादात मी वरचढ आहे, हे इथं लिहून ठेवते. तुम्ही आता उत्तर देऊ शकत नाही, याचं मला वाईट वाटतंय, पण वरचढ आहे.

दुसऱ्या महिन्यात प्रतीक्षानं टेबल घेतलं, जुनं, एका पायाखाली पुठ्ठा लागणारं. दुकानात तुम्ही तिच्याबरोबर गेला होता आणि एक शब्द बोलला नाहीत. तिनं दुकानदारानं सांगितलेला भाव देऊन टाकला. मी तो ऐकून फोनवरच ओरडले. "माझी पोरगी! माझ्या पोटची! अन् पहिल्या भावाला व्हय म्हणली!" तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, "तिला परत कॉलेजला जायचं होतं. तिनं वेळ वाचवला." त्याला मी अजूनही लूट म्हणते. पण पुढच्या वेळी खुर्ची घेताना तिनं दुकानदाराला म्हटलं, "काका, टेबलाला तुम्ही मला फसवलंत. आता खुर्ची नीट भावात द्या, नाहीतर मी आईला घेऊन येते." त्यानं दिली. तुम्ही हे मला सांगताना दम लागेपर्यंत हसलात. मीही तोंड दाबून हसले, पण तुम्ही फोनवर होता म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

अशी ती खोली भरली. वर्षभरात टेबल, खुर्ची, पुस्तकांची फळी, एक छोटा आरसा. कपाट तिनं घेतलं नाही. खिडकीत आडवी काठी टांगली, कपडे तिच्यावर. मी आले की आधी त्या काठीकडं बघायचे. ती म्हणायची, "आई, वारा लागतो कपड्यांना, किती बरं असतं." तिला काय माहीत.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येते. इतका वेळ तिथंच यायचं टाळत होते.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भाऊजींनी स्थळ आणलं. मुलगा सरकारी नोकरीत, शेती, घर पक्कं, माणसं बोलायला बरी. मी हो म्हणाले. प्रतीक्षा म्हणाली, "आई, एक वर्ष राहिलंय." मी म्हणाले, "बघायला काय जातंय?" तिनं तुम्हाला कळवलं असणार. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला.

"मी काही म्हणणार नाही," तुम्ही म्हणालात.

"मग फोन कशाला केला?"

"म्हणणार नाही, हे सांगायला."

आणि ठेवलात. दोन दिवस मी तुम्हाला मनात शिव्या घालत होते. तुम्ही चार वाक्यं बोलला असता तर मी आठ बोलले असते आणि मोकळी झाले असते.

ती माणसं आली. पोहे झाले, प्रतीक्षाला बघून झालं, तिला आवडीनिवडी विचारून झाल्या. ती उठून आत गेली आणि आम्ही बोलायला बसलो. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला घाई आहे. शेवटचं वर्ष काय, घरी बसून परीक्षा देता येते. ती शहरातली खोली सोडून टाका."

मी म्हणाले, "वर्षभर थांबा."

"वर्ष लई झालं. तीन महिने."

"दहा."

"चार."

बाई, मी रंगात आले. मला ते येतं. मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं कारण काढलं, उन्हाळ्यातल्या मुहूर्तांचं काढलं, माझ्या दुकानाच्या सीझनचं काढलं. भाऊजी माझ्याकडं कौतुकानं बघत होते. शेवटी त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं चला, सहा महिने. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं."

या वाक्याला सौदा तुटत नाही, मिटतो. आयुष्यभर मी समोरच्याच्या तोंडून हे वाक्य काढायला भांडत आलेय. ते आलं की मी हात पुढं करते. त्या दिवशीही माझा हात उठला होता. समोर पोह्यांच्या रिकाम्या बश्या होत्या. पडद्यामागं प्रतीक्षा उभी होती, तिचे पाय खालून दिसत होते. आणि माझ्या ध्यानात आलं की मी पोरीचं एक वर्ष त्या बाईंकडून मागून घेतेय, तेही अर्धंच मिळालंय, आणि मी खूश झालेय. ते वर्ष त्यांचं होतं कुठं? ते प्रतीक्षाचं होतं. आपल्याच घरातल्या वस्तूचा भाव मी दुसऱ्याला विचारत बसले होते.

मी हात खाली घेतला आणि म्हणाले, "नको."

भाऊजींना वाटलं मी अजून ताणतेय. ते म्हणाले, "वैनी, आठ करू, बोला." मी म्हणाले, "आठ नको, बारा पण नको. पोरगी पास होईल, मग तिला विचारून बघू." त्या बाई उठल्या. भाऊजी उठले, तेव्हापासून माझ्या दुकानात आले नाहीत. प्रतीक्षाला हे शब्द ऐकू गेले नसावेत, कारण तोपर्यंत पडद्याखालचे पाय दिसेनासे झाले होते. ती मागच्या दारानं बाहेर गेली होती.

संध्याकाळी तिनं विचारलं, "काय झालं?" आणि मी म्हणाले, "त्यांनी नकार दिला. पोरगी जास्त शिकलेली हाय म्हणाले."

का म्हणाले? बाई, खरं सांगायचं तर तुमच्यामुळं. 'मी नकार दिला' असं म्हटलं असतं तर ते आधी प्रतीक्षाला कळलं असतं, मग तिच्याकडून तुम्हाला. आणि फाटकाशी सुरू झालेला आपला वाद तिथं संपला असता, तुम्ही जिंकून. मी हरायला तयार होते, पण तुम्हाला कळू द्यायला तयार नव्हते. भाऊजीही कुणाला खरं सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. आपण आणलेलं स्थळ वैनीनं परतवलं हे ते कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढच्या रविवारी मी आले तेव्हा तुम्ही मला खालच्या खोलीत बसवलंत, दार लोटलंत आणि म्हणालात, "ती दोन दिवस नीट जेवली नाही. लग्न नको होतं तिला, तरी नाकारलेलं लागतं हो माणसाला. तुम्ही तिच्याशी जरा बोला." खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर होतं. मी म्हणाले, "पोरीला ऐकून घ्यायची सवय पायजे." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला तिथून उठावंसं वाटलं. मग तुम्हीच वर गेलात. तुम्ही तिला काय सांगितलंत ते तिनं मला नंतर सांगितलं, की त्या लोकांना माणूस पारखता येत नाही, त्यांचंच नुकसान झालं. आणि मला म्हणालात, "नशिबानं सुटली." मी त्यावरही मान हलवली.

नशिबानं नाही, बाई.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या आईला भांडी दाखवत होते. तिला म्हणाले, "उद्या या." गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. मग स्टुलावर बसले आणि पहिला विचार आला तो असा की आता हे सांगायचं कुणाला?

तर इथं सांगते. प्रतीक्षा हे वाचेल, वाचू दे. तिची शेवटची परीक्षा आता दोन महिन्यांवर आहे. तिनं रागावायचं तर रागवावं, माझ्यासमोर कडी लावून बसावं. मी पायरीवर बसेन. पोरी, तुला कुणी नाकारलं नव्हतं. त्या लोकांना तू हवी होतीस, घाईनं हवी होतीस. नकार मी दिला होता, आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस हे कळूनही मी ते बोलले नाही. ही माझी चूक आहे आणि ती बाईंच्या अंगावर ढकलता येत नाही, मी बराच प्रयत्न करून पाहिला.

आणि बाई, तुम्हाला. फाटकाशी तुम्ही विचारलं होतंत, ठरवायचं पण नाही का, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. तीन वर्षांनी दिलं, पण तुमच्या माघारी आणि तुमच्यापासून लपवून. तुम्ही असताना हे सांगितलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता, आणि मला ते सहन झालं नसतं.

आता हसा.